पहिल्या आंघोळीचा मान

१२ जुलै

आले एकदाची! डोंगरातली वळणं बसमधल्या माणसाला घुसळून काढतात, पण गाव बघितलं आणि शीण गेला. खाली नदी, वर देवदारांचं रान आणि मधून बंद पडलेल्या रेल्वेची वाट. रूळ केव्हाच उचलले, पण त्यांच्याखालचा एकही लाकडी स्लीपर गावानं वाया जाऊ दिलेला नाही. पायऱ्या स्लीपरच्या, कुंपणं स्लीपरची, वांग्याच्या वाफ्यांच्या कडासुद्धा स्लीपरच्याच. ऊन तापलं की त्यांतून काळं तेल पाझरतं आणि गावभर डांबराचा वास सुटतो.

माझं काम त्या वासाशीच आहे. क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये, त्याला वाळवी लागू नये म्हणून फासतात ते तेल. जुन्या प्रकारच्या तेलानं कर्करोग होतो म्हणून गेल्या वर्षीपासून त्याच्या विक्रीवर बंदी आली. दुकानांतला साठा जप्त करायचा आणि लोकांच्या घरातले डबे गोड बोलून काढून घ्यायचे, एवढंच. आरोग्य केंद्रात बाकीच्यांनी तोंडं फिरवली, मी हौसेनं हो म्हटलं.

राहायला वाकुया किनु या आजींच्या घराची मागची खोली मिळाली आहे. रिवाज म्हणून नव्या बिऱ्हाडाच्या सोबा शेवया शेजारीपाजारी वाटून आले. आजींचे यजमान आजारी असतात, आतल्या खोलीत बसून असतात म्हणे. आंघोळीच्या पहिल्या पाण्याचा मान आजींनी मला दिला. कढत पाणी, खिडकीत डोंगर. सरकारी नोकरीत एवढं सुख कुणाच्या नशिबी येतं!

१५ जुलै

गावसभा झाली. सभा कसली, माझी खरडपट्टी. गावसमितीचे अध्यक्ष निशिमोरी पूर्वी इथल्या स्लीपरच्या कारखान्यात तेलाच्या टाकीवर होते. आधी त्यांनी स्वतःच्या हातानं मला उशी मांडून दिली आणि मग सोलून काढलं. रेल्वे नेलीत, शाळा नेलीत, दवाखाना नेलात, आता डबे न्यायला आलात होय मिझोए-सान? मग डोंगर तरी कशाला ठेवता, जाताना गुंडाळून न्या! सगळे फिदीफिदी हसले. मी तेलातलं विष, बेंझोपायरीन म्हणजे काय ते समजावत होते, तर एका म्हातारीनं विचारलं की बाई गं, हा कुणाचा मुलगा? पुन्हा हशा.

मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. या तेलानं कातडी जळते, माणसं मरतात, असं ठणकावलं. निशिमोरींनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, आमच्या गावात तेलानं मेलेलं माणूस दाखवा. नाहीतर असं करा, मेलेलं कुठलंही माणूस दाखवा.

टाळ्या पडल्या. उर्मट म्हातारा!

२० जुलै

दारोदार फिरते आहे. चहा मिळतो, डबा मिळत नाही. सगळ्यांचं एकच, आमच्याकडे कुठलं हो तेल! आणि त्यांच्या हातांना तोच वास.

एक गोष्ट खटकली. प्रत्येक घरात पितरांचा देव्हारा आहे, पण वर भिंतीवर काळ्या चौकटीतला एकही फोटो नाही. आमच्या घरी आजोबा-पणजोबा ओळीनं टांगलेले आहेत. इथे कुणाचं कुणी गेलंच नाही की काय? विचारलं की बायका विषय बदलतात. आणि अर्धवट सरकवलेल्या दाराआड कुणीतरी पाठमोरं बसलेलं असतंच. मी वाकून नमस्कार करते, तिकडून मानही हलत नाही.

ऊन सोसवत नाही. हात भाजल्यासारखे लाल झालेत. घाम येत नाही, तहान मात्र फार लागते.

२४ जुलै

आंघोळीच्या टबाखाली आजी स्लीपरच जाळतात! आज पाण्यावर तवंग दिसला म्हणून मागे जाऊन पाहिलं, तर चुलीत काळे ठोकळे. इतके दिवस मी त्या धुरात आणि वाफेत शिजत होते. माझा संताप संताप झाला. आजी म्हणाल्या, अहो, आच कशी छान धरते ती! आम्ही नाही वापरत, आमचं पाणी साध्या लाकडावर. हे खास पाहुण्यांसाठी.

उद्यापासून थंड पाण्यानं अंग पुसेन. थेरडीला सरळ करते.

२८ जुलै

ट्रक मागवला. दुकानातले डबे, समितीच्या गोदामातली पिंपं, सगळं उचललं. निम्मं गाव भर उन्हात उभं राहून बघत होतं. जिरली! आजी मात्र रडायला लागल्या. पितरांचा सण बॉन आला, आणि बॉनच्या आधी घरोघरी ब्रश फिरवायचा असतो, आता कसं करायचं? मी म्हटलं, कुंपण एक वर्ष कोरडं राहिलं तर काय आकाश कोसळतं?

आजी म्हणाल्या, कुंपणाला कोण लावतंय.

२ ऑगस्ट

सकाळपासून वास येतोय. डांबराचा नाही, सडल्याचा. आजी मळ्यात होत्या. मी आतल्या खोलीचं दार सरकवलं.

यजमान मांडी घालून बसले होते. काळे, तुकतुकीत. कानामागची कातडी सुटून लोंबत होती, तिच्यावर माशा. मला वाटलं, जाऊन दोन-चार दिवस झाले असणार. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आजी मागे येऊन उभ्या होत्या. रेल्वे बंद झाली त्या साली हे गेले, म्हणाल्या. दुसऱ्या गावांत बॉनला मेलेली माणसं घरी येतात आणि लोक दिवे लावून त्यांना परत पाठवतात. आम्ही पाठवत नाही. वर्षातून एकदा तेलाचा हात दिला की माणूस टिकतं. टिकत होतं.

मला भीती वाटते आहे. उद्याच निघते.

५ ऑगस्ट

बस आलीच नाही. इथून कुणी चढणार नाही, असं निशिमोरींनी कळवलं म्हणे. ऑफिसला फोन लावला, पण घसा इतका कोरडा की आवाज फुटेना. पलीकडून हॅलो, हॅलो करून ठेवून दिला.

पाणी पिऊन पोट फुगलंय, तहान जात नाही. सुरीनं बोट कापलं. रक्त नाही. आत रेषा आहेत, एकीला लागून एक, लाकडात असतात तशा—

९ ऑगस्ट

निशिमोरी पायरीवर येऊन बसले. दार मी उघडलं नाही. बाहेरूनच समजावत होते, नातवाला समजावावं तसं. ओलं लाकूड तेल पीत नाही हो मिझोए-सान. आधी वाफ देऊन आतलं पाणी काढावं लागतं. शहरातून येतो तो काहीतरी उचलून नेतो आणि बदली घेऊन सुटतो. आम्हाला न जाणारा अधिकारी हवाय. तेल येऊ द्या, असं वर कळवणारा. तुमची बदली आता व्हायची नाही.

मी शिव्या दिल्या. ओठ हलले फक्त—

१२ ऑगस्ट

भर दुपार. सगळे अंगणात. नुसते बसलेत. कडीला कुणी हात लावत नाही—

एक डबा. लपवलेला. झाकण काढलंय. आजी म्हणतात, यांच्या वाट्याचं आहे, पण तुम्ही घ्या—

वास. तोंडाला पाणी सुटलं. कुठून? आत थेंब नाही—

नाही. मी नाही. मी अधिकारी—

कडी काढली. मीच.

विकत घेत नाहीये. बंदी विक्रीला आहे. कलमन् कलम पाठ आहे मला. पिण्याबद्दल त्यात एक शब्दसुद्धा—