पितृमुखी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम म्हणते. घड्याळांचं दुकान बरं चाललंय. तुझा दादा घड्याळ कानाला लावून नुसत्या टिकटिकीवरून दुखणं सांगतो आणि ठकी डोळ्याला भिंग लावून ते उघडते. बापाचे कान नि लेकीचे डोळे, झकास जमलंय, असं गिऱ्हाइकं म्हणतात.

ठकी जन्मली तेव्हा तू म्हणाली होतीस, "वहिनी, ही हुबेहूब तूच गं!" माझं बसकं नाक, माझे कान. मी मिरवून घेतलं. दादाची नजर तेव्हा कडेकडेने जायला लागली होती. ठकी शाळेत जाईपर्यंत समोरचा हातभर तुकडा तेवढा उरला, मग तोही गेला. त्यामुळे त्याच्या मनात ठकी कायम माझ्यासारखीच राहिली.

पण पोरगी वाढत गेली तशी माझ्या हातून निसटली. आधी हनुवटी गेली, मग उंची, मग शिंकसुद्धा. घर हादरवणारी, तुमच्या घराण्याची. एकदा दादाने तिचा चेहरा चाचपला आणि ओरडलाच, "अगं, ही तर माझी हनुवटी!" पितृमुखी कन्या सुखी, असं आल्यागेल्याला ऐकवत कितीतरी दिवस मिशीतल्या मिशीत हसत होता.

अलीकडे दिवेलागणीला ठकी आत येते ती दाराच्या चौकटीला हाताची मागची बाजू टेकवून. नजर जात असताना दादा यायचा, अगदी तशी. मी म्हटलं, "बापाची नक्कल करतेस काय गं?" ती हसली नाही. मग एकदा स्टुलाला अडखळली. एकदा शेजारणीने बाजूने पुढे केलेला कप तिला दिसलाच नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. मी वेड्यासारखं विचारलं, "लहानपणी माझ्यासारखी होती हो. मोठी होताना बापावर का गेली?" त्या म्हणाल्या, हाडं वाढतात तसा चेहरा बदलतो, कधी आईकडे झुकतो, कधी बापाकडे. डोळ्यांचं हे दुखणं वेगळं; ते जन्माआधीच ठरतं. तुमच्या घरात प्रत्येक मुलामागे छापा-काटा. खरंच की. तू तुमच्या बाबांचं तोंड घेतलंस आणि तुझे डोळे ठणठणीत. दादा आईवर गेला, तरी बाबांचा अंधार त्याच्याच वाट्याला आला. मी उपाय विचारला. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

परतताना बसमध्ये ठकी एवढंच बोलली, "आई, बाबांना इतक्यात सांगू नकोस. मी त्यांच्यावर गेले म्हणून किती खूश आहेत ते."

मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. काल जेवताना त्याने विचारलं, आवाज का बसलाय? सर्दी, म्हटलं. किती दिवस सर्दीवर ढकलू? त्याला तू सांग, असं म्हणत नाही; ते ठकीच सांगेल. पण त्या दिवशी तो स्वतःला बोल लावत बसेल आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणीतरी लागेल. माझा हात पुढे होईलसं वाटत नाही. मला त्याचा राग येतोय गं. त्याची तसूभरही चूक नाही, हे कळूनही येतोय, आणि तो जाता जात नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगू? तू ये.

तुझीच,
वहिनी