तुझ्या चेहऱ्यावर इस्त्री

आई, तू गेलीस तेव्हा मी आठवीत होतो. त्यानंतर शाळेचं आणि माझं काही जमलं नाही. बराच हिंडलो. नाशिकला ढाब्यावर होतो, तिथला आचारी भाकरीशी बोलायचा... ते राहू दे, मूळ गोष्ट राहील. सध्या चाकणला आहे. कंपन्यांचा माल ज्या लाकडी पेट्यांतून येतो, त्यांच्या फळ्या घेऊन आमचे मालक त्यावर लोकांचे फोटो उतरवतात. लेसर प्रिंटरवर फोटो उलटा छापायचा, कागद फळीवर पालथा घालायचा आणि वरून गरम इस्त्री. छपाईची काळी पूड, म्हणजे टोनर, वितळून लाकडाला धरते. इस्त्री म्हटल्यावर मी म्हणालो, हे काम माझंच.

पण माझा एकेक फोटो फिसकटायला लागला. नाकं ओघळायची, नवरा-नवरी एकमेकांत मिसळायचे. मालक म्हणाले, "भावा, शर्ट हाय का तो? तुझा हात फिरतोय म्हणून कागद सरकतोय. दाबून धर अन् गप उभा राहा."

हात फिरणारच. कासारवाडीची आपली टपरी, तू कपड्यांच्या घड्या घालतेयस आणि कोळशाची इस्त्री माझ्या हातात. मी समोरच्या पोरांच्या गोट्या बघत थांबतो आणि कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर तांबूस त्रिकोण उठतो. तू मारत नाहीस. एवढंच म्हणतेस, "हात थांबला की जळलं. ध्यान कुठंय तुझं?" तेव्हापासून इस्त्री धरली की माझा हात थांबत नाही.

आणि आता ताईचं लग्न आहे, राजगुरुनगरला. ती म्हणाली, "स्टेजवर हार घातलेला फोटो नको रे, सगळे रडत बसतील. लाकडावर उतरव आईला. पाटावर मांडू, घरच्यासारखी." फळी तिनंच आणून दिली, तुझ्या इस्त्रीच्या टेबलाची. "एवढीच उरलीय. तुझा धांदरटपणा हिच्यावर नको."

काल दुपारी फळी घासून गुळगुळीत केली आणि तुला पालथी घातली. पदरावर इस्त्री ठेवली, नुसती ठेवली. मग खांद्यावर, गालांवर. हात सारखा पळायला बघत होता, मी दुसऱ्या हातानं मनगट धरून ठेवलं. गार झाल्यावर कागद सोलला तर तू आलेली. पदराचे काठ आले, हसताना दिसणारा तो वाकडा दातसुद्धा आला.

संध्याकाळी ताईनं फळी उजेडात धरली. म्हणाली, "आली रे." मग जरा वाकून, "डोळे तेवढे फिके का?"

"टोनर संपत आला असेल," मी म्हणालो.

हे पत्र टाकायचं कुठं ते माहीत नाही, आणि ताईला तर दाखवता येणार नाही. टोनर नवाच होता, आई. तुझ्या डोळ्यांवर गरम इस्त्री दाबून उभं राहणं माझ्याच्यानं झालं नाही. तिथनं मी ती अलगद, भराभर फिरवून नेली.