बिनसुयांच्या पाच मशिनी

२ तारीख, सोमवार
आजपासून वही. कुणी वाचायची नाही. वाचली तर कात्री माझ्याजवळच असते.

डाव्या हाताच्या बोटाची पट्टी सुटली. दीड महिन्यापूर्वी कारखान्यात टीप मारताना सुई नखातून आरपार गेली आणि आतच मोडली, ते बोट. डॉक्टर म्हणाला, बोट ठणठणीत आहे, लागा कामाला. त्याचं काय जातंय म्हणायला.

कारखान्याच्या मास्तरांचा निरोप आला, टकळीच्या तोंडून. टकळी म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरची नवी मुलगी. मशीन बंद पडेल, तिचं तोंड नाही. म्हणे मास्तर तीस तारखेपर्यंत वाट बघणार, मग खिडकीजवळची जागा तिला. बावीस वर्षं बसलेय मी त्या खिडकीत!

उद्याच जाते. घाबरतंय कोण.

३, मंगळवार
निघाले होते. चप्पल चावली. वाटेत मिस्त्रीच्या दुकानात टेकले. तो जुन्या शिलाई मशिनी दुरुस्त करतो. कोपऱ्यात एक होती, काळी कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, हातानं फिरवायची. मोटर नाही, काही नाही. गरीब गाय.

बघता बघता डोक्यात लख्ख उजेड पडला. मशिनीवर बसणारे ढीगभर आहेत. मशिनी ओळखणारं कोण आहे? मी आता जुन्या मशिनी जमवणार. कलेक्शन.

बदल्यात ह्यांची सायकल दिली. ह्यांनी विचारलं, मग मी कामाला जाऊ कसा? म्हटलं, पाय कशाला दिलेत.

५, गुरुवार, दुपारी
दुसरी आली. पायानं चालवायची, खाली लोखंडी जाळी. मिस्त्रीनं शिकवलं, प्रत्येक मशिनीच्या अंगावर नंबर ठोकलेला असतो, त्यावरून तिचं साल काढतात. ही माझ्या आजीच्याही आधीची निघाली. तिच्यावर बसलेली बाई कधीच गेली असेल. तिची बोटं शाबूत होती का, ते नंबरावरून कळत नाही.

दोन्ही मशिनींच्या सुया काढून टाकल्या. जुन्या मशिनीत सुई ठेवू नये, स्प्रिंग थकते. मिस्त्री म्हणाला, तीस वर्षांत हे ऐकलं नाही. त्याला सगळंच ठाऊक असतं तर दुकान एवढं अंधारं असतं का.

सुया पक्कड लावून काढल्या. हात का लावायचा उगाच. डबीत भरल्या, डबीला दोरी बांधली, डबी कपाटावर. वरून आवाज येतो असं वाटलं म्हणून तिथून मोरीवरच्या फळीवर. आता बरं.

८, रविवार
हे घरी. ह्यांना काय अवदसा आठवली, पहिल्या मशिनीचं चाक फिरवलं. खटखट, खटखट. मी गच्चीवर होते. कशी पोचले ते आठवत नाही. भाजी करपली.

हे वर आले, म्हणाले, अगं सुईसुद्धा नाहीये तिच्यात. म्हटलं, मला ठाऊक आहे, मीच काढलीय, मी हवा खायला आले. ह्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. अनवाणी. भर उन्हात.

उद्यापासून सकाळी रोज दहा मिनिटं मशिनीच्या खोलीत बसायचं. तिच्याकडे तोंड करून.

११, बुधवार
बसले. दाराकडे तोंड करून. दार वाजलं तर कळायला नको?

तिसरी आणि चौथी आल्या. एक ट्रंक गेली, एक शेगडी. मिस्त्रीनं इतिहास सांगितला. म्हणे ज्यानं मशीन शोधून काढली त्याला सुई कुठं चुकतेय तेच उमगेना. मग स्वप्न पडलं. रानटी माणसांनी त्याला धरलंय, भाले रोखलेत, आणि प्रत्येक भाल्याच्या टोकाला भोक. उठला आणि सुईला टोकाशी भोक पाडलं. खरं-खोटं मिस्त्री जाणे. मिस्त्री हसत होता. मला घाम फुटला. म्हणजे भाल्यावरूनच केलीय की ही वस्तू! बावीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही.

दुसरंही सांगितलं. पहिल्यावहिल्या मशिनी शिंप्यांनीच चाल करून जाऊन फोडल्या होत्या. पोटावर पाय येईल म्हणून. शहाणी माणसं होती.

१४, शनिवार
लेक आली. खोलीत डोकावून म्हणाली, आई, हे घर आहे का भंगारखाना? म्हटलं, कलेक्शन आहे. तिनं उशीचा उसवलेला अभ्रा पुढं केला, एवढी एक टीप मार म्हणाली. म्हटलं, जुन्या मशिनी वापरायच्या नसतात, बघायच्या असतात. तर म्हणते, आई, तुझा डावा हात काखेत का?

संधिवात, म्हटलं.

म्हणाली, फक्त मशीन दिसली की होतो वाटतं.

अगदी बापावर गेलीय.

१७, मंगळवार
पाचवी आली. मिस्त्री चहाला थांबला आणि नको ते बोलला. जमवणाऱ्यांचा म्हणे एक नियम असतो. प्रत्येक मशिनीच्या, सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली चिंधी ठेवायची, तिच्यावर त्याच मशिनीची एक टीप. टीप असली तर मशीन, नाहीतर नुसतं लोखंड. तुमच्या चिंध्या कुठायत, बाई?

त्यात टकळीही येऊन गेली. मास्तर म्हणतात, बाईंच्या घरी पाच मशिनी आहेत ना? मग एक चिंधी शिवून पाठवा, हात बसलाय का बघतो.

सगळे एकाच दिवशी कसे उगवतात?

१९, गुरुवार
उपाय सापडला. हाताची उलटी टीप! टाका घालायचा, अर्धा मागं यायचं, पुढं जायचं. उजव्या हातात सुई, डाव्या बोटाला अंगुस्तान. एवढीशी सुई, ती मी हलवीन तेव्हाच हलते. वीतभर चिंधीला तीन तास लागले. मशिनीलाही लाजवील अशी ओळ. मापून बघितली, टाक्याला टाका सारखा.

मशीन निघाली ती हाताची नक्कल करायला. मी हातानं मशिनीची केली. कोण मोठं?

ह्यांच्याबरोबर कारखान्यात पाठवली.

२४, मंगळवार
चिंधी परत. मास्तरांनी ती उलटी करून बघितली. मशिनीची टीप दोन्ही बाजूंनी सारखी असते, हाताची मागून दोरखंडासारखी दिसते. हे मी स्वतः टकळीला शिकवलंय. पहिल्याच आठवड्यात.

मास्तर ह्यांना म्हणाले, पुढची बाजू झकास आहे. तीस तारखेला त्यांनाच या म्हणावं.

२७, शुक्रवार
सकाळपासून खोकला. हे म्हणाले, डॉक्टरला बोलावतो, बोटही दाखवू. खोकला थांबला.

हे म्हणाले, मी येतो तुझ्याबरोबर. म्हटलं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? म्हणाले, नाही गं, सायकल नाहीये तर चालतच जायचंय, वाट एकच आहे.

३०, सोमवार
गेले. हे फाटकापर्यंत होते.

सगळ्या मशिनी थांबल्या. मास्तर म्हणाले, बसा बाई, दोन तुकडे जोडा, एकच टीप. खुर्चीवर माझीच उशी होती, टकळीनं हलवली नव्हती. बटण दाबलं. मोटर घुमली. दातावर दात दाबले, डोळे मिटले आणि पाय दाबला. कापड आपोआप पुढं गेलं. संपलं तेव्हा मशीन थांबली, मी नाही. पाय लटलटतच होता.

पण शिवलं! बावीस वर्षांचा हात आहे, म्हटलं, उगाच नाही.

मास्तरांनी कापड उचललं. दोन तुकडे दोन हातांत आले. वेगवेगळे.

दोराच नव्हता. ओवायला बोटं सुईशी न्यावी लागतात. कुणीतरी ओवला असेल असं धरून चालले होते.

कुणी हसलं नाही. टकळीसुद्धा नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मास्तरांनी एक तुकडा खिडकीशी धरला. उजेड भोकाभोकातून येत होता. खूप वेळ बघून म्हणाले, ओळ सरळ आहे. उद्या या. दोरा टकळी ओवून देईल.

टकळी. मला. रोज.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, आता सायकल परत आणू का? पाचांतली एक मिस्त्रीला दे.

म्हटलं, थांबा, बोटं मोजतेय.

दहा भरली. पुन्हा मोजली.