गाडी पुन्हा बसली

३ मार्च

चि. छबूस,
दादाचे आशीर्वाद. पत्राला उशीर झाला म्हणून रुसू नकोस, हात ग्रीसने माखले होते.

आधी वाईट बातमी. रविवारी आईला तुझ्याकडे आणून सोडायचं ठरलं होतं, ते जमेलसं दिसत नाही. गाडीने दगा दिला. संध्याकाळी चांगली ताठ उभी होती, सकाळी बघतो तर जमिनीला पोट टेकून बसलेली. हिच्या चाकांवर स्प्रिंगांऐवजी हवेच्या रबरी पिशव्या आहेत, तुला माहीतच आहे. त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर नुसता घरघरतो, गाडी काही उठत नाही. गॅरेजवाल्याने सगळंच नवं बसवायला सांगितलं. मी त्याला लांबूनच नमस्कार केला. जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याने आपली गाडी दुसऱ्याच्या पान्याखाली द्यायची म्हणजे जरा अतीच झालं.

दुसरी गाडी सुचवू नकोस. आईच्या कमरेला धक्के सोसत नाहीत, आणि बटण दाबलं की तिला बसता येईल इतकी खाली येणारी ही एकच. त्यासाठीच तर घेतली होती.

कॉम्प्रेसर काढून त्याला जोडलेला डबा उघडला. ड्रायर म्हणतात त्याला. आत हवेतला ओलावा शोषणारे दाणे असतात, त्यांचा पार लगदा झालाय. तू औषधांच्या प्रयोगशाळेत आहेस, तुमच्याकडे असले दाणे ढिगाने असतील. थोडे पाठव.

आईची बॅग भरून दाराशी ठेवली आहे. येता-जाता मला ठेच लागते.

आहे तो लोभ ओसरू देऊ नकोस.
तुझा,
दादा


८ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नकोस, पक्के स्टँड लाव. आणि डबा उघडण्याआधी पाइपातली हवा सोडून देत जा. हे वाचून तू हसशील. हस, पण लाव.

दाणे पार्सलने पाठवलेत. बहुतेक पांढरे आहेत, त्यांत मूठभर रंगीत मिसळलेत. कोरडे असले की ते निळे दिसतात, ओलावा प्यायले की गुलाबी. गुलाबी झाले तर तुझ्या दुकानातल्या जुन्या ओव्हनमध्ये तापव. आईच्या ओव्हनला हात लावलास तर ती आपल्या दोघांचाही समाचार घेईल. डब्याची रबरी रिंग नवी पाठवली आहे. जुनीच परत बसवायचा चिकूपणा नको.

इथे तळमजल्यावरची खोली तयार आहे. न्हाणीघरात आधाराला दांडे बसवून घेतले. मागे आई तिकडे पडली आणि तू दुकानातून येईपर्यंत तशीच पडून होती, ते आठवलं की अजून रात्री उठून बसते. तुझा दोष नाही रे, दुकान बंद ठेवून कसं चालेल? म्हणूनच तिला कायमची इकडे आणायचं आपण ठरवलं ना?

लवकर आण तिला. माझ्यावर माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
छबू


१९ मार्च

चि. छबूस,
आशीर्वाद. पार्सल पोचलं. स्टँड लावले होते, आता तरी जेवण पचू दे.

अडकलेला व्हॉल्व्ह धुतला, पाइपातली पांढरी भुकटी फुंकून काढली, नवे दाणे भरले, नवी रिंग बसवली. गाडी अशी झोकात उठली म्हणून सांगू, आईने खिडकीतून टाळ्या वाजवल्या. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली. डबा उघडला तर दाणे गुलाबी. तापवून भरले, पुन्हा गुलाबी. आमच्या घरालाच ओल असावी. रिंगच चुकीची नसेल ना?

तेव्हा घाई करण्यात अर्थ नाही. हल्ली मी दुपारी दुकान बंद करून जेवायला घरी येतो, काळजी करू नकोस. आई लागेल तसं बॅगेतून एकेक काढते. आधी चष्मा काढला, मग शाल. आता बॅग निम्मी रिकामी झाली आहे.

पोरांना गोड पापा. लोभ असू दे, रागही थोडा चालेल.
तुझा,
दादा


२४ मार्च

चि. छबूस,
आईचे अनेक आशीर्वाद. माझं अक्षर बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. हे पत्र शेजारणीकडून टाकून घेते आहे, दादाला कळू देऊ नकोस.

तू आणखी एक रिंग पाठवते आहेस म्हणे. नको पाठवू. दुरुस्त झाल्यापासून गाडीला काही झालेलं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी तो बाहेर जातो, गाडीचं दार उघडतो आणि माझ्यासाठीचं ते बटण दाबतो. फुस्स आवाज येतो नि गाडी हळूहळू खाली येते. मग आत येऊन सांगतो की आई, गाडी पुन्हा बसली. तोंड इतकं एवढंसं झालेलं असतं की मलाच त्याची समजूत घालावी लागते. मग दाण्यांचा डबा काढून खिडकीत उघडा ठेवतो. दाणे निळेशार आहेत. माझे डोळे अजून शाबूत आहेत म्हटलं.

लहानपणी मी कुठे निघाले की हा माझी चप्पल लपवायचा. एकच. मग माझ्याबरोबर शहाण्यासारखा शोधायलाही लागायचा. तेव्हा मी रागवायचे. आता राग येत नाही गं, रडू येतं.

मला तुझ्याकडे यायचं आहे. पडल्यापासून दिवसभर एकटीला भीती वाटते, त्याला ते सांगत नाही एवढंच. पण कायमचं म्हटलं की माझाही पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. या घरात त्याला माझ्याशिवाय आहे कोण? तू काहीतरी मार्ग काढ. त्याचा पाणउतारा मात्र व्हायला नको.

सुखात राहा.
तुझी,
आई


२९ मार्च

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि. दाण्यांबद्दल आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले की नव्या जागी रुळायला काही दाण्यांना वेळ लागतो. चूक माझीच, मीच घाई केली. आता त्यांना फार तापवू नकोस.

दुसरं म्हणजे, कायमची हा शब्द मी मागे घेते. आपण ठरवलं असं मी लिहिलं खरं, पण बोलत होते मी आणि तू नुसती मान हलवत होतास. आई इथे राहील, पण दर महिन्याच्या शेवटी तू येऊन तिला न्यायचं, आठवडाभर घरी ठेवायचं आणि परत आणून सोडायचं. तो आठवडा दुकान बंद. आणायला-सोडायला आलास की इथे मुक्काम करायचा, सबबी चालणार नाहीत. तिच्या खोलीत दुसरी खाट टाकून ठेवली आहे.

एवढी ये-जा करायची म्हणजे गाडी भक्कम हवी. आईला वाटेत धक्का बसला तर गाठ माझ्याशी आहे.

वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
छबू


२ एप्रिल

चि. छबूस,
आशीर्वाद. तुझं पत्र परवा दुपारी आलं. संध्याकाळी डबा उघडून पाहिला तर दाणे निळे! तुमचे साहेब हुशार दिसतात.

गाडी काल सकाळी ताठ होती, आजही ताठ आहे. आईने बॅग पुन्हा भरायला घेतली, शालीची घडी मी घालून दिली. मध्येच ती एकटीच हसत होती. का ते विचारलं तर सांगत नाही. तू तिला काही लिहिलंस का?

रविवारी निघतो. खाट जरा लांब बघ, माझे पाय बाहेर येतात.

लोभ आहेच, तो किती हे आता कळलं.
तुझा,
दादा

ता. क. आईच्या चपला आत्ताच गाडीत नेऊन ठेवल्या. दोन्ही.