थंड झालेलं रक्त

४ मार्च ९१
तोंड कोरडंठाक. घासागणिक पाणी लागतं. कानाखालच्या गाठी परत फुगल्या. मुंबईचे डॉ. म्हणाले, तुमचं अंगच तुमच्या लाळेच्या गाठींवर उठलंय. आता रक्तात वाकडं प्रोटीन आहे का बघायचं. थंडीत घट्ट होतं ते, मग तपासात सापडत नाही. म्हणून रक्त अंगाएवढं गरम ठेवूनच पाठवा. किती ती नाटकं. पण अन्या आहे ना. बहिणीचा पोरगा, मीच वाढवला. इथेच कॅम्प ५ वस्तीत त्याची छोटी लॅब आहे. घरीच सुई टोचली, म्हणाला, मुंबईच्या लॅबला मी पोचवतो.

२१ मार्च
मुंबईचा निकाल अन्याच्या लॅबच्या कागदावर टाईप होऊन आला. प्रोटीन नाही. डॉ. म्हणाले, ठीक. सुटले.

१७ नोव्हें.
गारठा पडला. पायांवर जांभळे ठिपके, दाबले तरी जात नाहीत. शेजारीण म्हणे डास. कसले डास.

२९ नोव्हें.
डॉ.नी पाय बघितले, कागद दोनदा वाचला. रक्त कोणी आणलं विचारलं. मग मुंबईच्या लॅबला फोन. त्यांनी मार्चमधेच अन्याला कळवलेलं, नमुना बर्फातून आलाय, वाया गेला, परत पाठवा. म्हणजे कागद अन्याने स्वतःच
आता लघवीतूनही प्रोटीन जातंय. किडनीला लागलं असेल म्हणतात. आठ महिने गेले.

१ डिसें.
कॅम्प ५ ला गेले. गिऱ्हाईक बसलेलं, तरी विचारलं. म्हणाला, सगळं रक्त बर्फातच ठेवतो मावशी, सवयीने हात गेला. बरं, ती चूक. आणि कागद?
"परत सुई घेऊन कुठल्या तोंडाने येऊ? तूच ओरडली असतीस, नाटकं पुरे म्हणून."
ओरडले असते. खरंय. म्हणून खोटं लिहायचं?
टाईप त्याच्या बायकोने केलेलं. १४ एप्रिलला दोघं माझ्याकडे जेवली. विहारात शेजारी बसून पंचशील म्हटलं, खोटं बोलणार नाही हेपण. आवाज त्याचाच मोठा.

४ डिसें.
उद्या मुंबईला जाऊन तिथेच रक्त द्यायचं. पाय सुजलेत, जिना उतरवत नाही. अन्या संध्याकाळपासून दारात उभा. म्हणतो, मी नेतो, हात लावणार नाही कशाला. आत ये म्हटलं नाही. जा पण म्हटलं नाही.
सकाळी सातला रिक्षा सांगितलीय. एकटीला का दोघांना, ते रिक्षावाल्याने विचारलं. बघू म्हटलं.