बॅटरीचा निर्णय मी घाईत घेणार नाही

२ एप्रिल, बुधवार
आजपासून रोजनिशी. कारण मोबाईल. चाळीस टक्के चार्जिंग दाखवत होता आणि डोळ्यांदेखत बंद पडला. गेल्या महिन्यात तीसवर पडायचा.

शिला म्हणाली, बॅटरी बदलून टाका. माझ्या बायकोला सगळंच असं सोपं वाटतं. मी तिला शांतपणे समजावलं की साध्या माणसाचा फोन असता तर बदललीही असती. हा सूत्रसंचालकाचा फोन आहे. यात माझ्या चारोळ्या आहेत, शेर आहेत, पाहुण्यांची नावं, त्यांची पदं, कोणाचं नाव कोणाच्या आधी घ्यायचं हे सगळं आहे. पुसेगावात माझं कृषी सेवा केंद्र आहे, पण ते पोटासाठी. देविदास राठोडला लोक ओळखतात ते माइकमुळे. अक्षय तृतीया तोंडावर आली, बुकिंगचे फोन येऊन राहिले असतील आणि इकडे फोन बंद.

बॅटरी बदलायची, नवाच फोन घ्यायचा, की फक्त सवयी सुधारायच्या, हे शास्त्रीय पद्धतीने ठरवणार. घाई नाही.

(घरी आम्ही बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतो, पण रोजनिशी मराठीतच लिहिणार. सूत्रसंचालकाची भाषा घासलेली राहिली पाहिजे.)

३ एप्रिल
सवयी सुधारल्या. ब्राइटनेस अगदी खाली आणला. बॅटरी थोडी टिकते, पण उन्हात स्क्रीन दिसत नाही. दुकानाबाहेर उभं राहून मेव्हण्याला फोन लावला, तो गॅसवाल्याला लागला. सिलिंडर नोंदवून टाकला. नाहीतरी लागणारच होता.

४ एप्रिल
एका व्हिडिओत कळलं की बॅटरी खराब नसतेच, तिला फक्त स्वतःचा अंदाज राहत नाही. याला कॅलिब्रेशन म्हणतात. फोन पार शून्यापर्यंत उतरवायचा आणि मग एका दमात शंभर करायचा.

रोज दुपारीच मान टाकणारा फोन आज एक टक्क्यावर जाऊन बसला तो हलेचना. टॉर्च लावला, व्हिडिओ लावले, हॉटस्पॉट चालू केलं. बाबा ओट्यावर बसून बघत होते. बाबांकडे बटणाचा फोन आहे. ते तो बाजाराच्या दिवशी चार्ज करतात आणि पुढच्या बाजारापर्यंत विसरून जातात. मला विचारलं, काय करून राहिला. म्हटलं, बॅटरी संपवून राहिलो. म्हणाले, "काल त संपते म्हणून बोंबलून राहिला व्हता."

संकल्प: तांत्रिक विषय वडिलांशी बोलायचा नाही.

५ एप्रिल
कॅलिब्रेशननंतर पंचावन्नवर बंद.

७ एप्रिल, सोमवार
हिंगोलीला जाऊन आलो. रणजीतच्या मोबाईल शॉपीत. फोन टेबलावर ठेवला तर तो होडीसारखा डुलायला लागला. रणजीत म्हणाला, बॅटरी फुगली, आता वापरू नका, बदलाच. फोन बाकी ठणठणीत आहे.

मी विचारलं, बॅटरी ओरिजिनल असेल का? वॉरंटी काय? बसवताना माझ्या चारोळ्या जातील का? स्क्रीन फुटली तर जबाबदार कोण? त्याने प्रत्येकाचं चटकन उत्तर दिलं. इतक्या चटकन उत्तरं देणाऱ्यावर मी लगेच विश्वास ठेवत नाही. तसं बोलून दाखवलं. तर म्हणाला, मग नवीन घ्या. म्हटलं, दाखव. त्याने काउंटरभर फोन मांडले. एकालाही हेडफोनचं छिद्र नाही. मी हेडफोन वापरत नाही, पण छिद्र असावं. तर म्हणतो, मग बॅटरी बदला.

गिऱ्हाइकाला असं गोल गोल फिरवतात. तोवर त्याचा डबा थंड झाला होता. मी शेवटी एक जाड कव्हर घेऊन आलो. कव्हरमध्ये फुगवटा अजिबात दिसत नाही. प्रश्न निम्मा सुटला.

८ एप्रिल
शिलाने फोनला घरात घ्यायचं बंद केलं. म्हणते, फुगलेली वस्तू लेकरांच्या उशाशी नको. फोन आता अंगणात, कपडे धुवायच्या दगडावर असतो. बुकिंगचा फोन आला तर मला बाहेर पळावं लागेल. अजून पळावं लागलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
आज गुरुजींचा सेवापूर्ती सत्कार. आमच्या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, गेल्याच महिन्यात निवृत्त झाले. अर्धा तालुका त्यांच्या हाताखालून गेला, मीसुद्धा. संचालन अर्थातच माझ्याकडे.

शेजारच्या शंकरसिंगची पॉवर बँक मागून आणली होती. कुर्त्याच्या आतल्या खिशात ती, गळ्यातून वर आलेली वायर, वायरच्या टोकाला हातात फोन. अगदी पक्की व्यवस्था. प्रमुख पाहुण्यांना मात्र ती वायर वेगळीच वाटली असावी. त्यांनी मला हळूच विचारलं की ऑपरेशन कधी झालं. मी नाही म्हणेपर्यंत कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणि लिंबूपाणी आणलं. लिंबूपाणी घेतलं.

दीपप्रज्वलन, स्वागत, सगळं रंगत गेलं. मुख्य मनोगताच्या आधी मी दोन्ही हात पसरून एक शेर म्हटला आणि वायर निघाली. फोन बंद. समोर चारशे माणसं. सूत्रसंचालक अशा वेळी थांबत नाही. जे पाठ होतं ते सुरू केलं. आता पाठ काय असतं, ते ठरवणं आपल्या हातात नसतं. गेल्या महिन्यात मी एका शोकसभेचं संचालन केलं होतं.

त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून निघणार नाही, असं म्हणालो. इथपर्यंत ठीकच होतं, गुरुजी शाळेतून गेलेच आहेत. मग म्हणालो, आज ते देहाने आपल्यात नसले तरी विचारांनी आहेत. गुरुजी मधल्या खुर्चीत हार घालून बसले होते. तिथे थांबायला हवं होतं हे आता वाटतं, पण ओघ फार चांगला लागला होता. मी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली.

सगळे उभे राहिले. शिस्तीचे गुरुजी, ते पण उभे राहिले. त्यांच्या पत्नीने त्यांना सदऱ्याला धरून खाली बसवलं.

पुढचं संचालन मोहनसिंगने केलं. हा नवीन पोरगा सेनगावचा, आभार मानायला आला होता. त्याने माइक माझ्या हातातून नम्रपणे घेतला, थोडा जोर लावून.

एकंदरीत कार्यक्रम भावपूर्ण झाला. दोघीतिघी रडल्या.

१६ एप्रिल
एकही बुकिंग नाही. कुरुंद्याची दोन लग्नं मोहनसिंगला गेल्याचं कळलं. कारण उघड आहे. लोक मला फोन लावून राहिले, तो स्विच ऑफ लागून राहिला, आणि बिचारे नाइलाजाने त्याच्याकडे वळून राहिले. एका बॅटरीपायी तालुक्याचं सांस्कृतिक नुकसान होतंय. शिलाला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापत राहिली.

१८ एप्रिल, शुक्रवार
सपनाच्या लग्नाची पत्रिका आली. सपना माझी चुलत बहीण, सेवाकाकाची मुलगी. लग्न अक्षय तृतीयेला, सिद्धेश्वर धरणाकडच्या त्यांच्या तांड्यावर. मी तिला खांद्यावर बसवून धरण दाखवायला न्यायचो. तिच्या लग्नाचं संचालन मी करायचं हे ती पाचवीत असतानाच ठरलंय. मी ठरवलंय.

पण माइकबद्दल काकांचा फोन नाही. म्हणजे लावून लावून थकले असणार. शिलाला विचारलं, काकूशी रोज बोलतेस, माझा काही विषय निघाला का? म्हणाली, निघाला, तुम्ही जेवता का वेळेवर असं विचारत होत्या.

झालं. सर्व बाजूंनी विचार पूर्ण झाला. बॅटरी बदलायची.

२१ एप्रिल, सोमवार
बदलली. रणजीतने फोन उघडला, माझा चहा संपायच्या आत बंद करून हातात दिला. चारोळ्या सुरक्षित. स्क्रीन शाबूत. काढलेली बॅटरी उशीसारखी झाली होती. मी त्याला स्पष्ट बोललो की एवढं सोपं होतं तर मागच्या वेळीच नीट सांगायचं होतं. त्याने बाटली उचलली, पाणी प्यायला.

२२ एप्रिल
संध्याकाळी बहात्तर टक्के! फोनला घरात प्रवेश मिळाला.

सपनाच्या लग्नासाठी नवी चारोळी लिहिली. बहीण आणि पूर्णा नदी यांची तुलना आहे. तिसऱ्या ओळीत धरण येतं.

२४ एप्रिल
आज पंच्याऐंशी टक्के उरली. फोन नाही आला. काकांना अजून कळलं नसेल की माझा फोन लागतो. स्टेटस ठेवलं: ‘आता मी उपलब्ध आहे.’ नेटवर्कचा दोष नको म्हणून शिलाच्या फोनवरून स्वतःला फोन लावून पाहिला. लागला. आवाज स्पष्ट येतो.

२६ एप्रिल
शिला म्हणते, तुम्हीच काकांना फोन करा. तिला सांगितलं की सूत्रसंचालकाने स्वतःहून विचारायचं नसतं.

२८ एप्रिल
केला. नातं म्हणून केला. काका म्हणाले, बरं झालं, एक दिवस आधीच ये, कामाला हात कमी पडून राहिले, तुझ्याशिवाय कोण हाय. मी समजलो. मोठी माणसं अशा गोष्टी फोनवर उघड बोलत नाहीत. नवं जॅकेट इस्त्री करून घेतलं.

१ मे, गुरुवार
काल लग्न झालं. सविस्तर लिहितो.

परवाच गेलो. काकांनी मिठी मारली आणि मला बुंदीच्या कढईवर उभं केलं. मला वाटलं, माइकवाला येईपर्यंत असेल. काल सकाळी माइकवाला आला. त्याच्या मागून मोहनसिंग आला.

मी झारा हातात घेऊनच काकांना गाठलं. सरळ विचारलं नाही. म्हटलं, काका, मधे माझ्या फोनची बॅटरी गेली होती. तुमी लावला असेल, लागला नसेल.

काका पाहुण्यांना पाणी द्यायला सांगत होते. ते माझ्याकडे वळले. काका खोटं बोलत नाहीत, ही त्यांच्याबद्दल घरात जुनी तक्रार आहे. म्हणाले, "लागला असता रे. आमी लावलाच न्हाई. सपना नको म्हणली."

मी परत कढईवर गेलो. बुंदी पाडत राहिलो. एक घाणा थोडा करपला, तो आतल्या पंगतीला गेला.

मोहनसिंगने संचालन बरं केलं. नावं सगळी घेतली, एकही चुकवलं नाही, आणि लगेच जेवायला बसायला सांगितलं. लोक खुश होते. भूक लागली की लोकांना कोणीही आवडतं.

मग पाठवणी. आमच्यात जुनी रीत आहे, नवरी जाताना घरच्या एकेका माणसाच्या गळ्यात पडून गाणं म्हणत रडते. सपनाला जुनी गाणी येत नाहीत असं मला वाटायचं. काकूकडून शिकली होती. एकेकाजवळ गेली, बाबांजवळ गेली, मग माझ्याजवळ. माझ्या जॅकेटवर साखरेचा पाक होता, मी हात लांब धरले. तिने गळ्यात हात टाकून सूर धरला, आणि मधेच थांबून कानात बोलली, "दादा, माइक हातात आला की तुमी घरचे राहत न्हाई, पावने व्हता. मला आज दादा पाहिजे व्हता."

खिशात फोन होता, पूर्ण चार्ज. त्यात पूर्णा नदीची चारोळी होती. ती तिथेच राहिली. मी पण रडलो. चांगलाच रडलो. बाबांनी मला बाजूला नेऊन ओट्यावर बसवलं.

येताना गाडीवर शिलाला म्हटलं, बघितलंस, सपनाने मुद्दाम मला माइकपासून दूर ठेवलं, केवढं प्रेम. शिला हो म्हणाली. कोणत्या गोष्टीला हो, ते विचारलं नाही.

२ मे
नवा संकल्प: निवडक कार्यक्रमच घ्यायचे. नात्यातले तर अजिबात नाही.

४ मे, रविवार
दिवसभर दुकान बंद ठेवून फोनजवळ बसलो. लग्नसराईचे दिवस, निवडायचं म्हटलं तर आधी फोन यायला पाहिजेत. बॅटरी उत्तम. सकाळी शंभर होती, दुपारी अठ्ठ्याण्णव.

चारच्या सुमारास वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला नाही, दोन रिंगा जाऊ दिल्या, घसा साफ केला आणि माइकच्या आवाजात नमस्कार म्हटलं.

रणजीत होता. बॅटरी कशी चालून राहिली, विचारत होता. म्हटलं, एकदम चांगली, उतरतच नाही. तो म्हणाला, असं कसं, वापरल्यावर थोडी तर उतरणारच.

 मग त्याने विचारलं की दिवसाला साधारण किती फोन येतात.

मी म्हटलं, आज तुझा आला.