शेळीच्या दुधाची कविता

गुरुजी, तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत तुम्ही कविता चालीवर म्हणून घ्यायचात, पायानं ठेका धरून. अजूनही चहाला आधण ठेवलं की माझा पाय हलतो आणि सून गालात हसते.

माझी नात पुण्यात पीएच.डी. करते. उंदरांना सुट्टी नसते म्हणून दिवाळीतही प्रयोगशाळेत जाते, डबा जिन्यात बसून खाते. तिचा विषय म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या कच्च्या दुधातून माणसाला होणारा ताप. त्यासाठी आपल्या धनगर वस्तीवरच्यांचं रक्त तपासायचं होतं. ते मिळालं नाही तर विषय बदल, असं तिचे गाईड बोलले होते. पहिल्या खेपेला तिनं लॅपटॉप उघडून धारोष्ण दुधातले जंतू दाखवले. वर्गात माझ्या शेजारी बसायचा तो मेंढपाळाचा मुलगा आता वस्तीचा आप्पा झालाय. आमच्या शेळ्यांना नावं ठेवाया आलीस व्हय, म्हणत तो पटका सावरून उठला. त्याच्यामागं सगळी वस्ती उठली. परतताना जीपमध्ये पोर एक शब्द बोलली नाही.

मग मी दोन ओळी रचल्या आणि पुढच्या खेपेला वस्तीवरच्या मुलांना चालीवर शिकवल्या:

धार काढली, फेस पांढरा,
आधी उकळी, मग प्या जरा.

दुसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडते, तुम्ही तिथंच थांबवलं असतं. मुलं मात्र ठेका धरून नाचतायत, करडंही उड्या मारतायत. आप्पा काठीवर हनुवटी टेकून ऐकतोय.

"कुणाची रं ही कविता?"

"गुरुजींची," मी म्हणालो.

त्यानं काठीवरची हनुवटी उचलली. "गुरुजींनी सांगितलं आसंल, तर उकळाया काय जातंय." मग बाही सारून नातीसोबत आलेल्या सिस्टरपुढं बसला. "घ्या बाय. पर आधी ह्याचं घ्या, ह्यो काय आभाळातनं पडलाय?"

माझंही घेतलं. मागोमाग वस्तीच्या बायका आल्या, हसत, एकमेकींना पुढं ढकलत. त्या दिवशी जीपमध्ये नातीचं तोंड घरापर्यंत मिटलं नाही.

तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, हे पत्र पेटीत पडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. नातीनं प्रबंधात कवितेसाठी तुमचे आभार मानायचं ठरवलंय. खरं काय ते तिला सांगायला हवं. पण तुमचं नाव छापून येणार याचाच इतका आनंद झालाय, की अजून सांगितलेलं नाही.